मला बरं करायला नेलं होतं, त्या पेठच्या फेरीची हकिकत

२००८ च्या जानेवारीत रूथमावशीनं जाहीर केलं की शनिवारी आम्ही दोघी पेठच्या पुढच्या एका गावाला जाणार. तिथले पाळक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात आणि माणसं बरी होतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"मला काय झालंय?" मी विचारलं.

"तेच गं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं ते."

ते म्हणजे ऑटिझम. हा शब्द मला तिशीत मिळाला आणि मिळाल्यावर हायसं वाटलं, कारण तोवर मी स्वतःला नुसतीच उद्धट समजत होते. नाशिकला एका चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत मी काचा घासून फ्रेमला बसवते. दर रविवारी चर्चला जाते. तिथं एकच पंचाईत होते. लोकांना म्हणायचं असतं एक, बोलतात दुसरं, आणि मी ऐकते ते बोललेलंच. "एक मिनिट प्रार्थना करू या," असं म्हणून आमच्या पाळकांनी डोळे मिटले, तेव्हा मी घड्याळ लावलं. चौदा मिनिटं झाली. उपासनेनंतर त्यांना तो आकडा सांगितला, मदत म्हणून. त्यांना मदत झाल्यासारखी वाटली नाही.

मावशी निवृत्त नर्स. चाळीस वर्षं समोरच्याला न विचारता त्याची नाडी धरलेली बाई. तिला नाही म्हणायला मला आठवडाभर आधी तयारी लागते आणि हातात दोनच दिवस होते. शिवाय मला एक भीती होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. पवित्र शास्त्रातले आंधळे, लंगडे बरे झाले हे मला खरं वाटतं. मग देवानं मलाही बरं करायचं ठरवलं तर? ती बरी झालेली बाई कोण असेल? तिला काचा घासायला आवडतील का? पण न जाणं म्हणजे देवाला घाबरून दार लावून घेण्यासारखं झालं असतं. म्हणून गेले.

तुम्हाला जायचं असेल तर नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सकाळची पेठ गाडी धरा. तिकीट तेव्हा चाळीसच्या आत होतं. खिडकी डावीकडची घ्या, सावळघाटात दरी त्या बाजूला दिसते. निदान मला दिसली. मावशीला नाही दिसली, कारण ती घाटभर डोळे मिटून स्तोत्र म्हणत होती. करंजाळीला गाडी थांबते, तिथली भजी गरम असतात. पेठहून पुढे जीप. ड्रायव्हर म्हणाला, "अजून दोन शिटा आल्या की निघू." दोन आल्या, तरी तो निघेना. मी त्याला आठवण करून दिली. "दोन म्हंजे सात-आठ, ताई," तो म्हणाला. शेवटी आम्ही सतरा जण झालो. माझ्या मांडीवर एक कोंबडी होती. माणसांपेक्षा ती बरी, हात मिळवत नाही.

पाळकांचं घर कुडाचं, सारवलेलं. पाळक म्हणजे साठीचे, बारीक, अनवाणी गृहस्थ. सकाळी भाताचं खळं आवरून आलेले, कानावर अजून तूस होतं. त्यांच्या बायकोनं नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं, म्हणजे घट्ट कालवण, वाढलं. "आवडलं का?" म्हणाली. मी म्हटलं, "भाकरी आवडली. भुजं फार तिखट आहे." मावशीनं मला कोपर मारलं. बाई मात्र हसली आणि भाकरीवर गूळ ठेवून गेली.

संध्याकाळी मांडवात हंगामाची उपासना होती. नाशिकहून भाड्यानं आणलेले दोन भोंगे, मांडवाएवढेच मोठे. गाणं सुरू झालं आणि माझ्या दाढांपर्यंत पोचलं. मी कानात कापूस घातला, त्यावर रुमाल बांधला, तरी डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मावशीला वाटलं पवित्र आत्मा काम करतोय. तिनं आनंदानं मला दंडाला धरून पुढे नेलं.

"हिला ऑटिझम आहे," मावशी माइकमध्ये म्हणाली. अख्ख्या डोंगराला कळलं.

पाळकांनी तो शब्द कधी ऐकला नव्हता. त्यांनी मला विचारलं, "दुखतं का, बाय?"

"ते नाही दुखत," मी म्हटलं. "भोंगा दुखतो."

मग पाळक खांबापाशी गेले आणि त्यांनी वायर उपटली. भोंगेवाला ओरडला, "बाबा, रात्रीचं भाडं घेतलंय मी!" पाळक म्हणाले, "भाडं देऊ. तू बस, जेव."

आवाज गेला तशी बाहेरच्या रातकिड्यांची किरकिर ऐकू आली. मागच्यांना ऐकू येईना म्हणून ते उठून पुढे सरकले, आणि मांडवाचा मागचा अर्धा भाग रिकामा झाला. मला इतकी जागा चर्चमध्ये कधीच मिळाली नव्हती.

"डोक्यावर हात ठेवू का?" पाळकांनी विचारलं.

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. उत्तर द्यायला वेळ लागला. ते थांबले.

"नको," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, चार पावलं मागे गेले आणि तिथून प्रार्थना केली. "बापा, ही बाय लांबून आली. तिचं दुखतं ते थांबव. तिला नीट घरी ने. आमेन."

मावशी पुढे सरसावली. "अहो, बरं करायचं राहिलं!"

"दुखत होतं ते थांबलं ना, मावशी?" ते म्हणाले. "जे दुखत नाय ते देवानं कशाला काढावं?"

मी मागे जाऊन मोकळ्या सतरंजीवर पाय पसरून बसले आणि तीन गाणी इतरांपेक्षा मोठ्यानं म्हटली.

आम्ही नाशिकला परतलो. घरी पोचल्यावर मावशीनं चहा टाकला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "उपासनेत तुला नक्की काय होतं गं?"

मी सांगितलं. आवाजाचं, अत्तरांच्या वासाचं, हात मिळवण्याचं, कुठं हसायचं ते न कळण्याचं. तासभर. मावशीनं एकदाही माझी नाडी धरली नाही. चहा दोनदा उकळून आटला.

"एवढं होतं," ती म्हणाली, "आणि तरी दर रविवारी येतेस?"

"हो."

"का गं?"

"तिथं सांगतात ते खरं आहे म्हणून."

मावशीनं पदरानं डोळे पुसले, आणि तिसऱ्यांदा आधण ठेवलं.