शेवंतीची हकीकत, जयवंताच्या तोंडून

आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये कुणाला नुसता ताप आला, तरी जयवंत परब फाइल काखेत मारून हजर. तीस वर्षं एका इस्पितळाच्या रेकॉर्ड खात्यात कारकुनी केली, केसपेपरांचे गठ्ठे बांधले, आणि स्वतःला अर्धा डॉक्टर समजायला लागला. दुसऱ्याच्या दुखण्यात नाक खुपसायची मेल्याला भारी हौस.

"अ‍ॅनाम्नेसिस म्हणतात त्याला, माणिकवहिनी," हे मला जिन्यात अडवून शंभरदा ऐकवलंय. "ग्रीक शब्द. मूळ अर्थ आठवण. पेशंट आपल्या दुखण्याखुपण्याची जी हकीकत सांगतो ना, ती. आजकालची पोरं नुसतं हिस्ट्री हिस्ट्री करतात. निम्मं निदान त्यातच असतं." अर्थ अगदी बरोबर सांगायचा. पण पेशंटला तोंड उघडू देईल तर शपथ. घाटकोपरच्या दवाखान्यात पोट माझं दुखत होतं, आणि कधीपासून दुखतंय ते हा सांगत होता.

गेल्या श्रावणात त्याच्या बायकोच्या, शेवंतीच्या, पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन ठरलं. मी सोबतीला गेले, कारण असला नवरा बरोबर असला तरी सोबत लागतेच. आदल्या दिवशी डॉक्टर तेजल कागद घेऊन आली. वयानं लहान, पण पोरगी खमकी.

"काकी, कुठल्या औषधाचा कधी त्रास झालाय?"

"काही नाही, निल लिहा," उत्तर जयवंताचं.

"आधी कधी अ‍ॅडमिट होतात?"

"एक बाळंतपण. नॉर्मल."

शेवंती काहीतरी बोलायला गेली, तसा तो म्हणाला, "तू गप गं, तुला काय कळतंय त्यातलं." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "काका, बाळंतपणाला तुम्ही होतात तिथे?"

"पहिलं बाळंतपण माहेरी, कणकवलीला. आमच्यात तसंच असतं. मी बारशाला गेलो ना."

"मग बाहेर बसा. मला यांच्या तोंडून ऐकायचंय."

गेला बापडा, फाइल घेऊन. आणि शेवंती बोलली. बाळंतपणात इंजेक्शन दिलं, अंग सुजलं, श्वास कोंडला, दोन दिवस शुद्ध नव्हती. पेनिसिलिन पुन्हा कधी घ्यायचं नाही, अशी चिठ्ठी तिथल्या डॉक्टरनं दिली होती. ती आईनं पेटीत दडवली, सासरी कळलं तर पोर दुखणेकरी म्हणतील म्हणून.

डॉक्टरनं ते लाल पेनानं लिहिलं. "उद्या त्याच जातीचं औषध द्यायचं ठरलं होतं, काकी. जिवावर बेतलं असतं. इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"माका कोणी इचारल्यानच नाय," शेवंती म्हणाली.

मग डॉक्टरनं जयवंताला आत बोलावून तो कागद दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला आणि स्टुलावर बसला. काखेतली फाइल खाली जमिनीवर ठेवली, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, आता तरी शहाणा होईल. त्यानं मान वर केली. शेवंती समोरच पलंगावर बसली होती, त्याच्याकडेच बघत.

त्यानं मला विचारलं, "वहिनी, खूप त्रास झाला होता का हो हिला?"