शाहीन परत काऊन आली?

ड्युटीवर असताना फोन खिशात ठेवायचा नाही, असा इथं जर्मनीत आमच्या वृद्धाश्रमाचा नियम आहे. त्यामुळे शाहीन गेल्याचं मला कळलं तेव्हा तिला मातीसुद्धा देऊन झाली होती. दुपारच्या सुट्टीत लॉकर उघडलं, तर भावाचे मिस्ड कॉलवर मिस्ड कॉल. मी फोन लावला. मला हाक मारून तो म्हणाला, "सारे, आधी बस कुठंतरी." बसायला तिथं काही नव्हतं. सकाळी जानेफळहून मेहकरला येणारी जीप उलटली होती. बाकीच्यांचे हातपाय मोडले, कोणाला नुसतं खरचटलं, आणि आमची शाहीन... लॉकरला पाठ टेकून मी तशीच उभी राहिले. सुट्टी संपली तशी वर जाऊन एका आजोबांच्या पायांत मोजे चढवले. रडायला खोलीवर येईपर्यंत सवड मिळाली नाही.

आता महिना होत आला. या दिवसांत गावाकडून जे जे फोन आले, त्यांतल्या बहुतेकांनी हळहळून झाल्यावर एकच वाक्य म्हटलं, "तिकडंच राह्यली असती तं वाचली असती पोरगी. काऊन आली असंन वापस?" या 'काऊन'नं माझं डोकं फिरलंय. ती जिवंत होती तेव्हाही हेच विचारून विचारून तिला भंडावून सोडलं. कोणी म्हणे परीक्षेत नापास झाली, कोणी म्हणे कामावरून काढून दिली. कोणी त्याहून घाण बोललं, ते मी लिहीत नाही. ती का परत आली हे मला माहीत आहे, कारण मी तिच्यासोबत एका खोलीत राहिले आहे. म्हणून सांगते.

मी मेहकरची, ती जानेफळची. बुलढाण्याला नर्सिंग करताना आमची गट्टी जमली. तिच्या अब्बांचं गाद्या भरायचं दुकान, माझ्या बाबांचा भाजीचा ठेला. दोघींच्या घरात परदेश कोणी बघितलेला नव्हता. जर्मनीसाठी नर्सेस घेताहेत म्हणून कळलं, तेव्हा भाषेच्या क्लासला आधी तिनं नाव घातलं आणि मग मला ओढलं. निवड झाली आणि सत्कारांची साथच आली बाई! शाळेत सत्कार, बँकेत सत्कार, कुठल्या कुठल्या मंडळात सत्कार. शाली इतक्या जमल्या की अब्बा म्हणाले, "दुकानात ठिवू का इकाले?" जानेफळच्या स्टँडवर तर मोठा फ्लेक्स लागला. त्यावर पुढाऱ्यांचे फोटो हे एवढाले आणि शाहीन खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोतली, डोळे वटारलेली. "असा फोटो पाहून कोन घेईन वं मले कामावर?" म्हणत ती पोट धरून हसली होती.

मग आम्ही स्टुटगार्टला आलो. शहर सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. स्वच्छ रस्ते, वेळेवर ट्राम, नळाला चोवीस तास पाणी. पण पहिल्याच आठवड्यात आम्हाला कशानं धडकी भरली असेल, तर शांततेनं. ट्राम माणसांनी भरलेली आणि आवाज फक्त चाकांचा. शाहीन हळूच कानात म्हणाली, "कोनी मेलंबिलं का?" रविवारी दुकानं बंद, रस्ते रिकामे, आणि कुकरची शिट्टी झाली की खालच्या मजल्यावरच्या बाई दारावर टकटक करायला हजर. ईदला शाहीननं शिरखुर्मा केला आणि त्याच बाईंना वाटी नेऊन दिली. त्यांनी दार अर्धंच उघडलं, पण हसून घेतली. दुसऱ्या दिवशी आमच्या दाराबाहेर वाटी ठेवलेली... लख्ख घासलेली, आत आभाराचं छोटं कार्ड, आणि बाकी रिकामी. शाहीन ती वाटी हातात घेऊन उभीच. "साखरेचे चार दाने तरी टाकाचे होते," म्हणाली. बाईंनी आपल्या परीनं चांगलंच केलं होतं, हे आम्हाला कळत होतं. तरी त्या दिवशी जेवण गेलं नाही.

कामात ती माझ्यापेक्षा सरस होती. भाषेची पुढची परीक्षाही तिनं आधी काढली, मी एकदा आपटले. नापास झालेली ती नव्हती, मी होते, हे ज्यांना बोलायचं आहे त्यांनी लक्षात ठेवावं. तिच्याकडे एक एरिका आजी होत्या. साखरेचा आजार, आणि विसर असा की आत्ता काय झालं ते आठवायचं नाही. शाहीन दुपारी खोलीत शिरताना आपण जसं कोणालाही विचारतो तसं विचारायची, "आजी, जेवण झालं का?" आपल्याकडे कोणी याचं खरं उत्तर देतं का? हो म्हणायचं आणि पुढं बोलायला लागायचं. पण एरिका आजी मनापासून आठवून बघायच्या आणि म्हणायच्या, "नाही गं, मला कोणी दिलंच नाही." मग शाहीन पाव, लोणी, जॅम घेऊन यायची आणि स्वतःच्या हातानं भरवायची. असं किती दिवस चाललं कोण जाणे. आजींची साखर वाढली आणि मग सगळं उघडकीला आलं.

वॉर्डच्या प्रमुख बाईंनी तिला बोलावून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत, इथं कोणी ओरडत नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, तू शिकलेली नर्स आहेस, त्या जेवल्याची नोंद समोर आहे, तरी का दिलंस? शाहीनला नोंद दिसत नव्हती असं थोडंच होतं! ती मला खोलीवर येऊन म्हणाली, "सारे, म्हातारं मानूस उपाशी हाय म्हनते अन् मी तोंडावर सांगू का, नाही, तुमी जेवल्या म्हनून?" मी तिला चांगलंच झापलं. म्हटलं, बाईंचं बरोबर आहे, आजींना काही झालं असतं म्हणजे? "हाव, बरोबर हाय न. त्यायचंच बरोबर हाय," ती म्हणाली. आणि मग, "पन जेवलं का इचारायचं नाही, तं मंग मी बोलू काय?"

तिथून तिचं बोलणं आटत गेलं. वॉर्डात ती ठरलेली वाक्यं बोलायची, आता उठू या, आता गोळी घेऊ या. माझ्याशी आमच्या वऱ्हाडीत बोलायची तेवढंच काय ते मोकळं, तेही हळू आवाजात, कारण भिंती पातळ. आमच्या ड्युट्या उलटसुलट लागल्या की दोन-दोन दिवस तोंड दिसत नसे. एक दिवस मी परत आले तर ही खुर्चीवर बसून बाहेर बघतेय, अंगात कामाचे कपडे तसेच. म्हणाली, "मले जाऊ दे वं घरी." जसं काही मीच कुलूप लावून ठेवलं होतं. मी म्हटलं, जा ना, कोणी धरलंय? ती म्हणाली, "स्टँडवर फ्लेक्स हाय न माहा."

हेच खरं आहे, लोकहो. करार मोडता आला असता, तिकीट निघालं असतं. पण स्टँडवरच्या फ्लेक्सवरून खाली उतरायचं कसं? सत्कार करून घेतलेल्या माणसाला परत यायची सोय आपण ठेवलेलीच नाही. विमानतळावर निरोप देताना माझ्या मामानं मला सांगितलं होतं, "आता मेहकरचं नाव हाय तुह्या हातात." त्याला वाटलं तो मला बळ देतोय.

पण शाहीन माझ्यासारखी नव्हती. तिनं अब्बांना फोन लावला. स्पीकरवर होता, मी ऐकला. अब्बा घाबरले, म्हणाले, "बेटा, लोक काय म्हंतीन? असं करू, अम्मीची तबियत बरी नाही म्हनून सांगू." त्यावर ती म्हणाली, "अम्मी चांगली हाय न, तिले काऊन बिमार पाडता? सांगा, तिले करमलं नाही. अन् फ्लेक्स काहाडून टाका." अब्बा एवढंच म्हणाले, "ये."

ती गेली आणि मेहकरला एका खाजगी दवाखान्यात लागली. रोज जीपनं जाणं-येणं. मला आवाजी निरोप पाठवायची आणि त्यात तिच्यापेक्षा जीपच जास्त ऐकू यायची. हॉर्न, कोणाचं तरी लेकरू, "सरका न बाई थोडं," मागं भांडण. मध्येच ही कोणत्यातरी म्हातारीशी तिच्या सुनेबद्दल बोलण्यात रमायची आणि माझा निरोप तसाच अर्धवट राहायचा. मी ते जिन्याखाली उभी राहून ऐकत असे. काऊन आली हा प्रश्न तिला त्या जीपमध्येही विचारत. ती प्रत्येकाला तेच सांगायची, करमलं नाही. कोणाला पटत नसे. चांगला पगार सोडून नुसतं करमत नाही म्हणून कोणी येतं का? येतं. ती आली. आणि आल्यावर ती खुश होती, हे मी शपथेवर सांगते. मरण काय, ते इथंही येतंच, आम्ही तर रोज बघतो.

मागच्या सोमवारी खोलीतल्या दुसऱ्या पलंगावर केरळची एक मुलगी राहायला आली. थंडीनं कुडकुडत होती. दारामागच्या खुंटीवर शाहीनचा निळा कोट आहे, जाताना मुद्दाम ठेवून गेली होती. तो काढून मी हिच्या अंगावर घातला. बाह्या लांब पडल्या, तिनं त्या दुमडल्या. कोट कोणाचा, असं तिनं विचारलं. माझ्या मैत्रिणीचा, ती परत गेली, मी म्हटलं. मग तिनंही तेच विचारलं, का गेली? मी म्हटलं, तिला इथं करमत नव्हतं. ती पोर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आणि तुला?"

मी पाणी तापवायला उठले. माझी आई मेहकरला दर रविवारी पेपरची ही पुरवणी, जिला मी हे लिहून पाठवतेय, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. फोनवर ती विचारते, बरी आहेस ना, आणि मी हो म्हणते. म्हणून इथं लिहिते. आई, मलेही करमत नाही वं. मी येऊ का?