उठून जाणं म्हणजे नकार

आमच्या गावच्या बैठकीत नकार तोंडाने देत नाहीत. विषय पटला नाही तर ज्याचा मान पहिला तो उठतो, खांद्यावरचा दुपट्टा झटकतो आणि घराकडे चालू लागतो. त्याच्यामागे बाकीचे. बसलेलं कोणी उरलं नाही की तो विषय मेला. पुन्हा कोणी काढत नाही. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणण्यापेक्षा हे बरं, असं आमच्याकडे समजतात. मी याच गावात जन्मलो, इथल्याच शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आमच्या शिवाराला लागून विमानांची जुनी धावपट्टी आहे. कधीमधी एखादं छोटं विमान उतरायचं. एरवी तारेच्या कुंपणाखालून गावची ढोरं आत चरायला घुसायची. ती धावपट्टी लांबवायचं ठरलं. आमची शेतं जाणार नव्हती. पण विमान ज्या बाजूने खाली येणार, त्या बाजूची उंच झाडं तोडावी लागणार होती. ती मोहाची. उभी सरकारी जागेत, तरी कोणतं झाड कोणत्या घराचं हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. उन्हाळा लागला की बाया पहाटेच टोपल्या घेऊन आपापल्या झाडाखाली जात. वेचलेली फुलं वाळवून विकली की पावसाळ्यापर्यंतचं तेलमीठ निघे. माझ्या घरचं झाड गावाच्या दुसऱ्या अंगाला होतं. तेही इथे लिहून ठेवतो.

तालुक्याहून साहेब आले, शाळेच्या पटांगणात सुनावणी झाली. मला साहेबांच्या शेजारी खुर्ची मिळाली, गाव सतरंजीवर बसलं. साहेब भला माणूस वाटत होता.

"साहेब, आमाले विमानात बसवाल का?" एका म्हातारीने विचारलं.

"तिकीट काढलं की बसा ना आजी."

"तिकीट कायले? झाडं तं तुमीच घेऊन राह्यले."

लोक हसले, साहेबही हसले. मग त्यांनी विचारलं, "कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा."

पुढे माझा लहानपणापासूनचा मित्र बसला होता. गोंडाचं घर; गावदेवाची पूजा त्यांच्याकडे, म्हणून बैठकीत पहिला मान त्याचा. तो उठला. दुपट्टा झटकला आणि निघाला. त्याच्यामागे म्हातारे, मग तरणे, मग बाया. पाहता पाहता सतरंजी रिकामी झाली.

साहेब गोंधळून माझ्याकडे वळले. "गुरुजी, हे तर निघालेच. म्हणजे कोणाची हरकत नाही असं समजू?"

हाच आमचा नकार, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या टेबलाशी, माईकसमोर, मला माझ्या गावाची लाज वाटली. शिकल्यासवरल्या माणसासमोर आपली माणसं ढोरांसारखी उठून गेली, असंच मला त्या क्षणी वाटलं. मी म्हणालो, "तसंच समजा, साहेब."

ऐकायला मागे कोणी नव्हतं.

झाडं तोडली गेली तेव्हा गाव तालुक्याला धावलं. तिथे उत्तर मिळालं, तुमच्यातलं कोणीच बोललं नाही, सगळे उठून गेले. मग गावात विचारणं सुरू झालं: पहिले कोण उठला? जे स्वतः त्याच्यामागे उठले होते, तेही म्हणू लागले, "तो बसला असता, दोन शब्द बोलला असता, तं झाडं वाचली असती." त्याच्या शेतात धानाच्या रोवण्याला बाया जाईनात. पानठेल्यावर तो आला की बोलणं थांबे. मी तिथेच बसलेला असे. मीही थांबत असे.

यंदा वैशाखात त्याच्या नातीचं लग्न ठरलं. आमच्याकडे मांडव विकतचा नसतो. आदल्या दिवशी घरटी एक माणूस जंगलातून जांभळाच्या हिरव्या डहाळ्या आणतो आणि सगळे मिळून मांडव घालतात. आपल्याकडे कोणी येईल की नाही, या धास्तीने तो पार वाळून गेला होता. मी त्याच्या अंगणात जाऊन सगळं सांगितलं.

तो बराच वेळ बैलाच्या मानेवरच्या गोचिड्या काढत राहिला.

"मले काऊन सांगून राह्यला गा?" तो म्हणाला. "मी तं माया जागी बरोबरच उठलो होतो. उद्या मांडव हाय. ज्याइले सांगाचं त्याइले सांग."

मी घरोघर गेलो. कोणी खाट टाकली, कोणी दारातच उभं ठेवलं. सुनावणीत विमानाचं विचारणाऱ्या त्या म्हातारीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बसा ना गुरुजी. पण आमच्या घरी खुर्ची नाई बा." एका घरी तरणा पोरगा अंगावर धावून आला, त्याच्या बापाने त्याला आत ओढलं आणि माझ्याकडे न पाहता दार लावून घेतलं. हे पोरगं माझ्याच हाताखाली बाराखडी शिकलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक आले. सगळे नाही, पण मांडव उभा राहील एवढे आले. डहाळ्यांचा ढीग पडला, खांब रोवले गेले, तरण्यांनी वर चढून पाला पसरला. खालचे लोक हात वर करून डहाळ्या देत होते. माझ्या मित्राला कोणीतरी तंबाखू दिली. त्याने ती मळली, अर्धी परत केली. किती तरी दिवसांनी मी त्याला गावात मोठ्याने बोलताना ऐकलं.

मीही माझी डहाळी घेऊन गेलो होतो. हात वर केला, तर वरच्या पोराने शेजारच्याची घेतली. पुन्हा केला, पुन्हा तसंच. शेवटी ती मी ढिगाच्या कडेला ठेवली आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. मांडव झाकून झाला. मित्राची बायको अंगण झाडायला आली. तिने ती उरलेली डहाळी उचलली, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि खुंट्याला बांधलेल्या बकरीपुढे टाकली.