शिवण सरळच होती

"मावशी, तुमच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र पडलंय," नांदेडच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो करीमभाईंचा. आता त्या माणसाला तोंड कसं दाखवायचं?

डोळ्याचं पुढं काय, हे विचारायचं मला नंतर सुचलं.

मी वसमतजवळच्या हट्टा गावची. वय त्रेसष्ट. आमचे हे शाळेत मास्तर होते. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, म्हणून मीही गुरुजीच म्हणते. मी घरी मशीनवर ब्लाउज, परकर शिवते. जो दोष डोळ्याचा होता तो मी अडीच महिने कापडाला, दोऱ्याला, मशीनला आणि शेवटी माणसाला लावला. तुमच्या घरी असं काही होत असेल तर माझ्यासारखा शहाणपणा करू नका, म्हणून हे लिहितेय.

आमच्या घरात एक रीत आहे. नातवंडाचा बाप्तिस्मा असतो, म्हणजे पाळकसाहेब चर्चमध्ये लेकराच्या डोक्यावर पाणी घालून त्याला प्रभूच्या स्वाधीन करतात, त्या दिवशी लेकरू आजीनं शिवलेल्या दुपट्यात गुंडाळून न्यायचं. घरातल्या बायकांच्या जुन्या साड्यांचे चौकोन जोडायचे, आणि मधला चौकोन आजीच्या लग्नाच्या साडीचा लावायचा. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. तीन नातवंडं अशी माझ्या दुपट्यातून गेली. चौथी कृपा, माझ्या मुलाची लेक. ते पुण्याला असतात. तिचा बाप्तिस्मा आमच्याच चर्चमध्ये, नाताळच्या आधीच्या रविवारी ठरला होता. माझ्या पांढऱ्या साडीचा एकच धड तुकडा उरला होता, तो मी तिच्यासाठी जपून ठेवलेला.

पोळा झाला आणि मी शिवायला बसले. कडेचे चौकोन झाले, मधला जोडला, तर शिवण मध्येच आत वळलेली दिसली. उसवली. परत घातली. परत वाकडी. बोट फिरवलं तर बोटाला सरळ लागायची. आता बोटाचं ऐकावं की डोळ्याचं? मी डोळ्याचं ऐकलं. चौथ्यांदा उसवताना चाळीस वर्षांचं ते रेशीम विरलं आणि माझ्या हातात नुसत्या दशा आल्या. मी मशीनवर डोकं टेकून रडले.

सुनेला फोनवर सांगितलं तर ती बिचारी म्हणाली, आई, नका त्रास करून घेऊ, आपण ऑनलाइन छानसं मागवू. ती चांगल्या मनानं बोलली, पण मला ते लागलं.

मग मी करीमभाईंना धरलं. बसस्टँडजवळ त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. पोळ्याच्या आधीच त्यांनी माझं मशीन साफ करून दिलेलं. तीनदा बोलावलं, तीनदा आले. तेल घातलं, सुई बदलली, चिंधीवर चालवून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या शिवणीवर दोरा ताणून धरला आणि म्हणाले, बघा. मला दोराही वाकडाच दिसला. मला वाटलं, यानंच ढिला धरला.

"भाभी, मशीन बराबर हाय," ते हळूच म्हणाले. "एकदा डोळे दाखवून घ्या."

माझं टाळकंच सरकलं. "तुमाला दुरुस्ती जमंना, म्हनून माझ्या डोळ्यावर ढकलता व्हय?" असं मी दारात उभी राहून, चार घरांना ऐकू जाईल असं बोलले. वर गल्लीतल्या बायांना सांगितलं, त्यांच्याकडं मशीन देऊ नका. दोघींनी आपली मशीनं वसमतला नेली.

डोळे दाखवायला गेले तेही त्यांना खोटं पाडायला. डोळे ठणठणीत असल्याचा कागद आणून त्यांच्या दुकानात आपटायचा, असा माझा बेत होता. वसमतच्या डॉक्टरांनी उजवा डोळा झाकायला लावला. समोरच्या अक्षरांतलं मधलं अक्षर गायब. भिंतीवरच्या कॅलेंडरची कड कंबरेत वाकलेली. त्यांनी त्याच आठवड्यात नांदेडला पाठवलं.

डॉक्टरबाई या आजाराला मॅक्युलर होल म्हणाल्या. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग. वाचणं, सुई ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं, सगळं त्याच्यावर चालतं. ओसीटी नावाची तपासणी झाली. दुखत नाही काही, हनुवटी टेकवायची आणि हिरव्या ठिपक्याकडं बघत बसायचं. मग स्क्रीनवर त्यांनी माझा पडदा दाखवला. बाई गं! थरावर थर, अगदी आपल्या वाकळीसारखा, आणि मधोमध फाटलेला. मला भीती वाटायची ती वाटलीच, पण त्याहून जास्त नवल वाटलं. एवढी बारीक वीण आपल्या डोळ्यात असते आणि आपण जन्मभर बघतो ते दुसऱ्याचं शिवणकाम.

हे काहून झालं, शिवल्यानं झालं का, उजव्यालाही होतं का, मी विचारतच सुटले. शिवल्यानं होत नाही, त्या म्हणाल्या. वयाबरोबर डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ आकसतो आणि सुटताना पडद्याला ओढतो. उजवा सध्या चांगला आहे. मग इतके दिवस उजव्या डोळ्यानं चूक का नाही धरली? त्यांनी मला हातरुमालाची कड शिवताना धरते तशी धरून दाखवायला सांगितली, तेव्हा कळलं. शिवताना उजवा डोळा बारीक करायची माझी जुनी खोड. खोटं बोलणाऱ्या डोळ्याला मी साक्षीला बसवलं होतं आणि खऱ्याला बाहेर ठेवलं होतं.

"अजून वेळ गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "पण आणखी राहिलं असतं तर नजर परत येणं कठीण होतं."

परतीच्या एसटीत गुरुजींनी आधी तिकिटं काढली. मग म्हणाले, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, तुला तर मशीनमधलंही दिसलं. मी त्यांच्याशी हट्टा येईपर्यंत बोलले नाही.

ऑपरेशनला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात. डोळ्याशेजारी भुलीचं इंजेक्शन देतात, तेवढंच दुखतं. आपण जागे असतो. आतली जेली काढतात आणि त्या जागी गॅसचा बुडबुडा सोडतात. तो बुडबुडा वर चढून छिद्राला दाबून धरतो आणि कडा जुळतात. छिद्र डोळ्याच्या मागं, म्हणून बुडबुडा तिथं जायला माणसानं तोंड जमिनीकडं ठेवायचं. मला आठ दिवस सांगितलं. बसताना, जेवताना, झोपताना, मान खालीच. गॅस आहे तोवर विमानात बसायचं नाही, असं लिहिलेला पट्टा मनगटाला बांधला. गुरुजी म्हणाले, हिचं विमान नांदेडच्या पुढं जात नाही.

ते आठ दिवस सांगते. मान धरते, पाठ धरते, नाक गळतं. टेबलाच्या कडेला उशी ठेवून कपाळ टेकवा आणि मांडीवर ताट घ्या, बरं पडतं. मी कधी एवढा वेळ मान खाली घालून प्रार्थना केली नव्हती. पहिले दोन दिवस डोळा मागितला. तिसऱ्या दिवशी मागून दमले आणि नुसती बसले. घरात येणारी माणसं मी पायांवरून ओळखायला लागले. पाळकसाहेबांचे काळे बूट, शेजारच्या रुक्मिणबाईंची जोडवी.

चौथ्या दिवशी समोर तेलाचे डाग पडलेल्या चपला आल्या. मी काही बोलायच्या आत गुरुजी म्हणाले, करीमभाई आलेत.

मी जन्मात कुणापुढं मान खाली घातली नाही. आणि आता वर करायची सोय नव्हती. त्या चपलांकडं बघतच मी म्हणाले, "करीमभाई, चुकलं माझं. मशीन बराबर होतं. तुमाला नको ते बोलले."

"मान वर करू नका, भाभी," ते घाईनं म्हणाले. "डॉक्टरनं सांगितलंय ना."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही सरळ फरशीवर पडलं. मग मी विचारलं, दोष माझ्या डोळ्यात आहे हे तुम्हाला कसं कळलं? त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे अब्बा म्हातारपणी म्हणायचे, सुई वाकडी हाय, बदल. करीमभाईंनी दहा सुया बदलल्या. डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं तेव्हा उशीर झाला होता. म्हणून, मी तोडून बोलणार हे ठाऊक असूनही, त्यांनी मला डोळे दाखवायला सांगितलं होतं.

मी पदरानं नाक पुसलं. मग म्हटलं, माझ्या नातीच्या दुपट्याचा मधला चौकोन रिकामा आहे. तुमच्या घरातला एखादा जुना तुकडा द्याल का? रीत घरातल्याच कपड्याची, पण माझा डोळा वाचवणाऱ्याला परकं कसं म्हणू?

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको शबाना आपली हिरवी ओढणी घेऊन आली. तिच्या निकाहच्या वेळची, बारीक बुंदक्यांची. तिनं ती माझ्या मांडीवर ठेवली आणि कापायला कात्रीही स्वतःच दिली.

डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं. डोळ्यावर कवच ठेवून, उजव्या डोळ्यानं, थोडं थोडं, मान खालीच, असं त्या म्हणाल्या. गुरुजी सुया ओवून देत. मी हातानं धावदोरा घातला, बोटानं चाचपत. आणि बोटाला जे लागलं ते या वेळी मानलं.

बुडबुडा तीन आठवड्यांत विरला. आधी सगळं पाण्यातून बघितल्यासारखं, मग पाण्याची रेघ रोज खाली उतरायची, शेवटी खाली एक मणी हलत राहिला आणि एका सकाळी तोही नव्हता. छिद्र मिटलं होतं. पण दाराची चौकट अजून जराशी वाकायची. बायबलात प्रभू येशूनं एका आंधळ्याच्या डोळ्यांवर पहिल्यांदा हात ठेवला तेव्हा त्याला माणसं झाडांसारखी दिसली, मग दुसऱ्यांदा ठेवावा लागला. लहानपणापासून मला कोडं होतं, एकदाच का नाही केलं बरं? आता वाटतं, मधल्या वेळात त्या माणसानं कबूल केलं की मला नीट दिसत नाही. तेवढं बोलायला मला अडीच महिने लागले.

गल्लीतल्या बायांकडं मी स्वतः गेले. वसमतला गेलेली दोन्ही मशीनं आता करीमभाईंकडं येतात.

घरात कुणाला खिडकीचे गज, चौकट, शिवण वाकडी दिसायला लागली तर आधी एक डोळा झाकून बघायला सांगा, मग दुसरा. एवढं आजच करा.

बाप्तिस्म्याच्या दिवशी करीमभाई आणि शबाना मागच्या बाकावर बसले होते. कृपाच्या डोक्यावर पाणी पडलं, ती दचकली आणि तिनं हिरवा चौकोन मुठीत धरला. बाहेर आल्यावर मी तिला दुपट्यासकट घेतलं आणि उजवा डोळा झाकून पाहिलं. हिरव्याच्या कडेची शिवण अजून तिळभर वाकडी दिसत होती.

"करीमभाई, सरळ हाय का हो?" मी विचारलं.

त्यांनी वाकून बोट फिरवलं. "बराबर हाय, भाभी."

मी डोळ्यावरचा हात काढला आणि लेकरू त्यांच्या हातात दिलं.