राखून ठेवलेलं शेवटचं प्रकरण

सोलापूरहून उमरग्याकडं निघालेल्या एसटीत खिडकीची जागा मिळाली आणि मला आनंद झाला, तो बाहेरचं शिवार दिसेल म्हणून नव्हे, तर पुस्तकावर उजेड बरा पडेल म्हणून. मांडीवर परीक्षणासाठी आलेली जाड कादंबरी होती, हातात पेन्सिल होती आणि सोमवारी संपादकांना मजकूर हवा होता. कादंबरी वाचून झाली होती. खुणा केलेली पानं पुन्हा चाळून मतं तेवढी पक्की करायची होती. नळदुर्ग कधी मागं पडलं ते मला कळलंही नाही. शेजारच्या बाई मात्र बराच वेळ माझ्याकडं बघत होत्या.

"परीक्षा हाय का वो?" त्यांनी शेवटी विचारलंच.

"नाही हो, असंच वाचतेय."

"असंच म्हन्ता, आन कपाळाला ह्या आठ्या!"

मी कपाळावरून हात फिरवला. बाई खोटं बोलत नव्हत्या. लहानपणी सुट्टीत सास्तूरला कौसल्यामावशीकडं गेले की मी पुस्तक घेऊन ज्वारीच्या पोत्यांवर चढून बसायची आणि मला जेवायला हाका मारून मारून मावशीचा घसा बसायचा. गोष्ट कुणी लिहिली आहे हेसुद्धा तेव्हा मी बघत नसे. पुढं परीक्षणं लिहू लागले. सुरुवातीला मौज वाटली. पुस्तकं फुकट मिळायची, वर नाव छापून यायचं. मग कधीतरी पेन्सिलीशिवाय पुस्तक उघडायची सवयच मोडली. आता तर मी शेवट आधी वाचते, म्हणजे लेखकाला पसारा आवरता आला की नाही ते लवकर कळतं. ज्या गोष्टीपायी जेवणखाण विसरायचे, तिचीच हमाली झाली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जळकोटला मावसभाऊ मिलिंद मोटारसायकल घेऊन उभाच होता. हॉटेलात त्यानं आधी सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात ती) खायला घातली, वर दोनदा चहा पाजला. मग आम्ही लोहाऱ्याच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडं कमरेच्या वर आलेली ज्वारी, मध्ये शेंगांनी वाकलेली तूर, आणि तोंडावर मार्गशीर्षातला गार वारा. पिशवी उघडी राहिली होती, तिच्यातून माझ्या टिपणांच्या चिठ्ठ्या एकेक करून उडाल्या. मी ओरडले तेव्हा मिलिंदनं गाडी थांबवली. मी तुरीत शिरून दोन-तीन गोळा केल्या, हात खरचटून घेतले.

"ऱ्हाऊ दे अक्का," तो हसत म्हणाला, "काय लिव्हायचं ते तुला पाठच असंल की."

पाठ होतंच. तीच तर अडचण होती.

सास्तूर भूकंपानंतर नव्यानं वसलं. सरळ गल्ल्या, एकासारखं एक घर. पण पुढच्या पडव्या, ओटे ज्यानं त्यानं आपापल्या मनासारखे वाढवले आहेत. मावशी ओट्यावर वाट बघत बसली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी बारीक अक्षर तिला आता लागत नाही. प्रकाशक परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवतात. त्यातली एक मी अलीकडं मावशीला पाठवते. ती शेजारच्या प्रज्ञाकडून, म्हणजे गंगाबाईंच्या सुनेकडून, वाचून घेते. ही कादंबरीही दिवाळीतच पाठवली होती. "पुनवेला ये, काम हाय तुझ्याकडं," एवढंच मावशी फोनवर म्हणाली होती.

दुपारी भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि शेंगांची चटणी असं जेवण झालं. ओट्यावर सात-आठ बायका शेंगा सोलायला जमल्या. प्रज्ञानं हात पुसत विचारलं, "ताई, आपली सगुणा कशी वाटली तुमाला?"

सगुणा म्हणजे त्या कादंबरीतली बाई. धरणात गाव गेलेली, हरवलेल्या लेकाची वाट बघत नदीकाठी राहणारी. प्रश्न आला तसं माझ्या तोंडून एसटीत जमवलेलं वाक्य सरळ बाहेर पडलं.

"चांगली आहे. पण शेवटी तिला मारायला नको होतं. लेक दारात पोहोचतो आणि ही आदल्या रात्री गेलेली; लेखिकेनं सोपी वाट धरली."

शेंगा सोलणारे हात थांबले. प्रज्ञानं मावशीकडं पाहिलं. मला वाटलं, माझं मत पटलं नाही.

"मेली व्हय?" गंगाबाई म्हणाल्या. "आन म्या रोज म्हनत हुते, लेक भेटंल म्हून."

मग सगळं कळलं. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, इथल्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं आणि शेवटचा भाग राखून ठेवतात. समाप्तीला सगळे जमल्यावरच तो वाचायचा, मग खीर. यंदा वर्षावास संपला, संध्याकाळी चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं, तेव्हा मावशीनं ही कादंबरी काढली. रोज थोडं थोडं करत बायका शेवटच्या प्रकरणापर्यंत आल्या आणि रिवाजाप्रमाणं थांबल्या. पंधरा दिवस पुस्तक कपाटात होतं, पानांत पांढरा दोरा घालून. पुढं काय होतं हे प्रज्ञानंही चोरून पाहिलं नव्हतं. ते प्रकरण पुनवेला, म्हणजे आज संध्याकाळी, मी वाचायचं होतं. हेच ते काम.

मी माफी मागितली. बायका "असू द्या की, त्यात काय" म्हणाल्या आणि भराभर शेंगा सोलू लागल्या. मावशी उठून आत गेली. तिच्यामागं गेले, तर ती चुलीपाशी हुग्गी (गूळ घालून केलेली गव्हाची खीर) उगीचच ढवळत होती.

"मावशी, चुकलं माझं."

"तू काय मुद्दाम केलीस व्हय?" ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, "आमाला रडायचं हुतं गं बाय. घरचं रडून लई वर्सं झाली. आता आपल्या मानसासाठी रडू येत न्हाय. सगुणासाठी आलं असतं."

मावशीची थोरली लेक भूकंपात गेली. त्या काळातही मावशीला कुणी रडताना पाहिलं नव्हतं, असं माझी आई सांगायची. मला तिथं उभं राहवेना. एका ओळीच्या शेऱ्यासाठी मी या बाईचं काय हिसकावून घेतलं होतं!

समाप्ती ठरल्याप्रमाणं झाली. दिवेलागणीला ओट्यावर चादरी अंथरल्या. पुस्तक पाटावर ठेवलं, दोरा काढला, आणि मी मावशीची प्रत वाचायला घेतली. माझ्या प्रतीत याच पानांवर समासात "भडक", "अपेक्षित" असं लिहिलेलं होतं. ही प्रत कोरी होती. वाचताना आड लपायला एकही खूण नव्हती. सगुणा दुपारी लेकासाठी भाकरी बांधून ठेवते, तिथपर्यंत आवाज धड होता. मग लेक येतो, फडकं सोडतो, भाकरी अजून मऊ असते. तिथं माझे डोळे भरून आले, अक्षरं दिसेनात, आणि मी थांबले. हे पान मी तीनदा तरी वाचलं असेल. डोळे कोरडे ठेवून, पेन्सिल धरून.

मान वर केली. बायका माझ्याकडं बघत होत्या, जरा अवघडून. कुणाचेही डोळे ओले नव्हते. मावशी हात मांडीवर ठेवून, पुढचं वाक्य आधीच ऐकलेलं असल्यासारखी बसली होती. गंगाबाईंनी मला पाण्याचा तांब्या दिला.

"प्या वो. कळलंच हुतं की आपल्याला."

पुढचं प्रज्ञानं वाचलं. हुग्गी सगळ्यांनी पोटभर खाल्ली.

सकाळी निघताना मावशीनं दाण्याचं कूट भरलेल्या शेंगांच्या पोळ्या बांधून दिल्या. मिलिंदनं गाडी चालू केल्यावर ती जवळ आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"पुस्तक धाडत जा. पन तू समाप्ती झाल्यावर येत जा, बाय."

ती रागावली नव्हती, हेच मला लागलं. परतीच्या एसटीत खिडकी होती, उजेडही होता. मी पुस्तक काढलं नाही. ज्वारी बघायचा प्रयत्न केला, तर मनात परीक्षणाचीच वाक्यं जुळत राहिली. सोमवारी मजकूर दिला. शेवटाबद्दल त्यात अवाक्षर काढलं नाही. संपादकांनी विचारलं तेव्हा विसरले म्हणून सांगितलं.

गेल्या महिन्यात नव्या कादंबरीच्या दोन प्रती आल्या. एक त्याच दिवशी सास्तूरला पाठवली. दुसरी आठवडाभरात संपवली, कारण मुदत होती. परीक्षण छापायलाही गेलं. परवा मावशीचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता; तिसरं प्रकरण चाललं आहे, कादंबरीतली धाकटी जाऊ फार द्वाड आहे, तिच्यावरून ओट्यावर रोज भांडणं होतात.

"तू कुठवर आलीस गं?" तिनं विचारलं.

समोर मिटलेलं पुस्तक होतं, खुणांनी भरलेलं.

"तुमच्या मागंच आहे, मावशी," मी म्हणाले. "अजून दुसऱ्यावरच."