बसऱ्याच्या पेट्या

अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना कूलरमध्ये पाणी खेळवणारे छोटे पंप बनवी. माल इराकला जाई. गिऱ्हाईक एक, बंदर एक: बसरा. वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी तिथे निर्यातीचा पत्रव्यवहार पाहू लागलो, त्याच वर्षी इराण आणि इराकमध्ये युद्ध पेटलं.

कारखान्याची एक रीत होती. दसऱ्याला मशीनना झेंडूच्या माळा घालायच्या आणि येत्या उन्हाळ्याच्या सगळ्या लाकडी पेट्यांवर त्याच दिवशी बंदराचं नाव रंगवायचं. दिवाळीपर्यंत लढाई मिटेल, असं मालकांपासून सगळ्यांनी धरलं होतं. पूजा झाली, पेढे वाटले आणि छतापर्यंत रचलेल्या पेट्यांवर 'बसरा' उमटलं.

दिवाळी गेली. बंदर बंदच राहिलं. मालकांनी पॅकिंगच्या बायकांना बोलावून सांगितलं, होळीपर्यंत माल निघाला नाही तर पॅकिंग विभाग बंद होईल.

मॅनेजरांनी त्या शनिवारी डबे खाऊन झाल्यावर भिंतीवर इराक आणि आसपासच्या देशांचा नकाशा लावला. "आपण एकाच बंदराकडे बघत बसलो. आता सगळीकडे बघायचं." बातम्या वाचण्याचं काम माझ्याकडे आलं. बायकांनी भिशीसारख्या चिठ्ठ्या टाकून देश वाटून घेतले. नियमही त्यांनीच केला: जिच्या देशात गडबड, तिने पुढच्या शनिवारी घरून भजी आणायची.

दोन-तीन आठवड्यांत आमच्या शनिवारचा वास वसाहतीच्या फाटकापर्यंत जाऊ लागला.

"माझ्या सायप्रसात काही घडतच नाही गं," घाटकोपरहून येणारी एक जण कुरकुरली.

"मग रडतेस कशाला? तळावं तर लागत नाही!" मुलुंडच्या बाईंच्या चिठ्ठीत इराण निघालं होतं. त्या मॅनेजरांकडे वळल्या. "साहेब, घरातलं तेल संपलं हो. मला देश बदलून द्या ना."

मॅनेजरांच्या वाट्याला लेबनॉन होतं. त्यांनी एकदा नाक्यावरची भजी आणली, तेव्हा सगळ्याजणी एका सुरात ओरडल्या, "विकतची चालणार नाही!" पुढच्या वेळी ते स्वतः तळलेली, काळी पडलेली भजी घेऊन आले. तीही संपली.

वर्सोव्याच्या मावशींकडे जॉर्डन होतं. त्यांनी एकदाही भजी आणली नव्हती.

"मावशी, नुसतं फुकट खाता हां," सायप्रसवाली म्हणाली.

"माझा देश गुणी हाय. मी काय करू?"

हसता हसता मॅनेजर थांबले आणि उठून नकाशासमोर गेले. भजी न आणलेल्या दोघीच होत्या. सायप्रस बेट होतं. जॉर्डनची हद्द मात्र इराकला लागून होती आणि दक्षिणेच्या टोकाला त्याला नखाएवढा समुद्र होता. तिथे बंदराचं नाव होतं, अकाबा.

"मावशी," ते म्हणाले, "तुमच्या देशातून माल नेला तर चालेल का?"

"न्या की. फकस्त नीट वागा म्हणावं."

सोमवारी जहाज एजंटाकडून कळलं, इराकचा माल अकाब्याला उतरतो आणि तिथून ट्रकने जातो. बसऱ्याच्या व्यापाऱ्याचा टेलेक्सही आला: माल पाठवा, ट्रक मी बघतो.

उरल्या त्या रंगवलेल्या पेट्या. बायकांनी खिळे काढले, नावाच्या फळ्या उलटवल्या, पुन्हा ठोकल्या आणि कोऱ्या बाजूवर 'अकाबा' रंगवलं. आठवडाभर ठोकाठोकीत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. तरी बोलणं थांबलं नाही. होळीच्या आधी पेट्या गोदीत पोहोचल्या. त्या शनिवारी मावशींनी नियम मोडून तळलेले बोंबील आणले. इराणवाल्या बाईंनी सर्वांत जास्त खाल्ले.

पुढच्या दसऱ्याला युद्ध चालूच होतं. पॅकिंग विभागात सगळ्याजणी हजर होत्या. झेंडूच्या माळा घातल्या, पेट्यांना हळद-कुंकू वाहिलं. मालकांनी कौतुकाने रंगाचा डबा पुढे केला.

"नाव?"

मावशींनी डब्याचं झाकण बंद केलं. "बोट ठरू दे, शेट. मग लिवू."

मालकांनी डबा फळीवर ठेवला आणि पेढ्यांचा पुडा उघडला.