कोपऱ्यावरचा वॉल्व्ह

लांब लोखंडी चावी रस्त्यातल्या झाकणाखालच्या वॉल्व्हवर उतरवायची, तिच्या दांड्याला कान लावायचा आणि मान हलवून म्हणायचं, "हां. पानी निघाला टाकीतून." उलव्यात सकाळी फिरायला जात असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. आमच्या भागात पाणी सोडणारा हा माणूस इथल्याच खाडीकाठच्या गावातला. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे 'पाणीवाले दादा' म्हणायचे, मीही तेच.

आमची सोसायटी पाइपलाइनच्या अगदी शेवटी. मी तिचा सेक्रेटरी, म्हणजे पाणी कमी आलं की शिव्या खायला नेमलेला माणूस. पाणी सोडून झालं की दादा सायकलवरून आमच्या गेटपर्यंत यायचे आणि जमिनीखालच्या टाकीचं झाकण उचलून आत डोकवायचे. "शेवटच्याला पोचला ना, मंग सगल्यांना पोचला." चहा विचारला तर, "नको सायेब, आजून चार वॉल हायेत."

एका उन्हाळ्यात पाणीकपात लागली आणि टाकी अर्धीच भरू लागली. कमिटीतल्या एका काकांनी पाळत ठेवली. दादा रोज कोपऱ्यावरचा वॉल्व्ह आवळताना दिसले. झालं! हेच आमचं पाणी अडवतात, असं आम्ही ठरवून टाकलं. त्यांना विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. ग्रुपवर फोटो फिरला, पाणी खात्याच्या ऑफिसला तक्रारीचं पत्र मी लिहिलं. सगळे वॉल्व्ह पूर्ण उघडावेत, असंही त्यात ठणकावलं. आठवड्यात दादांची बदली तळोज्याकडे झाली.

जाताना ते गेटवर आले. चिडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "सायेब, तो वॉल तुमच्या आधीच्या टॉवरवाल्यांचा व्हता. त्यांचा जरा आवलला का तुमच्याकडं पानी यायचा. इचारायचा तरी."

नवा माणूस पत्राबरहुकूम सगळे वॉल्व्ह पूर्ण उघडतो आणि निघून जातो. टॉवरच्या टाक्या भरून वाहतात, आमच्याकडे करंगळीएवढी धार. बदली रद्द करा म्हणून दोन अर्ज दिले, उत्तर नाही. आता ऑफिसच्या पायऱ्या झिजवायचंही त्राण उरलेलं नाही. आणि लाज वाटते ती वेगळीच.

परवा धीर करून दादांना फोन लावला. माफी मागायची होती. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "टाकी भरते ना, सायेब?"

"भरते," मी म्हणालो.

तेवढ्यात गेटवर टँकरवाल्यानं हॉर्न दिला. पलीकडून दादांनी हळूच विचारलं, "टँकर आला का, सायेब?"